नावाडिणीचे हात

दुपारच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी फोन उघडला आणि त्या दिवशी माझं जेवण तसंच राहिलं.

आदल्या दिवशी मी एक चित्र टाकलं होतं. एका परदेशी कार्टून मालिकेच्या चाहत्यांचा ऑनलाइन ग्रुप आहे. देशभरातली माणसं त्यात आहेत, आणि मालिकेतल्या पात्रांची आपापल्या हातानं काढलेली चित्रं आम्ही तिथं एकमेकांना दाखवतो. फॅन आर्ट म्हणतात त्याला. मला त्या मालिकेतली नावाडीण आवडायची. ती काही नायिका नव्हे. पूर आलेल्या नदीतून माणसांना पलीकडं नेणारी एक बाई, लांब बांबूनं नाव ढकलते, फारसं बोलत नाही. राजाची माणसं येवोत नाहीतर चोर येवोत, ती एवढंच विचारते, "किती जण?" तिचं ते विचारणं मला इतकं आवडलं होतं, की मी बाकी सगळी पात्रं सोडून तिलाच काढत बसायचे.

त्या चित्रावर मी जीव ओतला होता. वाऱ्यावर उडणारे केस, एकेक बट वेगळी. डोळ्यांत पाण्याची चमक. मागं करडं आभाळ आणि खाली दाट धुकं. सकाळपर्यंत चित्राखाली बदामांची आणि टाळ्यांची रांग लागली होती. कुणी लिहिलं होतं "लई भारी", कुणी "डोळे बघा डोळे". अक्कलकोट रोडवरून स्कूटी चालवत ऑफिसला येताना मी हवेतच होते.

आणि त्या रांगेच्या शेवटी एक लांबलचक कमेंट. इंग्रजीत होती, मी माझ्या भाषेत सांगते.

"चेहरा मन लावून काढला आहे. ही बाई कमी बोलते हे डोळ्यांतच कळतं. पण ही नाव चालवत नाही. बांबू तिच्या शेजारी उभा आहे, तिच्या हातात नाही. एक हात केसांमागं गेला आहे, दुसरा कपड्यात. पाय धुक्यात बुडाले आहेत. तुमची आधीची चित्रंही पाहिली. सगळीकडं हात कुठं ना कुठं लपले आहेत. तुम्हाला हात काढता येत नाहीत असं मला वाटतं. शिकून घ्या. एवढ्या चांगल्या चेहऱ्याला हातही तसेच मिळायला हवेत."

लिहिणाऱ्याचं खरं नाव नव्हतं. फोटोच्या जागी एक निळी किटली होती.

मी सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम करते. माल कुठल्या खोक्यात किती गेला त्याची नोंद, लेबलं, पावत्या. भिंतीपलीकडं माग चालू असतात, त्यामुळं आमच्याकडं सगळेच जरा मोठ्यानं बोलतात. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मोठ्यानंच म्हणाली, "तोंड का उतरलंय? जेव की."

मी फोन तिच्यापुढं सरकवला. ती विणकराच्या घरातली, घरी तेलुगू बोलतात, चिडली की आधी तेलुगूत चिडते आणि मग आमच्यासाठी मराठीत. तसंच झालं. मग म्हणाली, "ब्लॉक कर. कोण कुठली किटली! एवढे लोक छान म्हणतेत, हिलाच तेवढं दिसलं?"

"तिला दिसलं, कारण ते हाय," मी म्हणाले.

"मग तिनं गुपचूप सांगायचं. सगळ्यांच्या पुढं कशाला?"

मलाही नेमका त्याचाच राग आला होता. पण कमेंट खोटी आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. घरी गेल्यावर मी माझी सगळी जुनी चित्रं उघडली. नावाडीण पाठमोरी, हात दिसत नाहीत. नावाडीण शाल पांघरून, हात शालीत. नावाडीण जवळून, खांद्याच्या खाली चित्रच संपलेलं. शाळेत एलिमेंट्रीची ड्रॉइंगची परीक्षा दिली होती, तेव्हापासून हात आला की मी काहीतरी आडवं घालत आले होते. पुढं कॉमर्स केलं, चित्रं सुटली, आणि फोनवर बोटानं काढायला लागले तेव्हा जुनी खोड तशीच बरोबर आली. टॅब आणि स्टायलस घेतला तरी गेली नाही.

मी त्या कमेंटखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "बरोबर आहे. मला हात येत नाहीत. सुरुवात कुठून करू?"

उत्तर आलं, "दुसऱ्यांच्या चित्रांतले हात बघू नका. घरात काम करणारे हात बघा. चुकलेला हात पुसू नका, त्याच्या शेजारी दुसरा काढा."

मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, हात आल्याशिवाय चेहऱ्याला हात लावायचा नाही. ग्रुपवर माझं नाव चेहऱ्यांमुळंच झालं होतं. तेच बंद करायचं म्हणजे दुकानाची पुढची फळी लावून आत माल भरत बसण्यासारखं होतं. पण ठरवलं ते ठरवलं.

घरात काम करणारे हात म्हणजे आईचे. आई घरून कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. बाजरीच्या, ज्वारीच्या, पातळ, कुरकुरीत, महिनाभर टिकणाऱ्या. ती परातीपुढं बसली की मी समोर पाटावर बसायचे, मांडीवर टॅब.

"काय करायलीस गं?"

"तुझे हात काढायलेय."

"हात? का, तोंड काय झिजलंय का माझं?"

"तोंड येतंय मला. हात येत नाहीत."

"वीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं, आणि हात येत नाहीत म्हणे."

दुसऱ्या दिवशी बघते तर आईनं हात साबणानं धुतलेले, लग्नातल्या ठेवणीतल्या बांगड्या घातलेल्या, आणि पिठाला हात न लावता नुसती परातीपुढं बसलेली. मी म्हणाले, "पीठ मळ की." तर म्हणाली, "लोक बघणार ना? पिठाचे हात काय दाखवतीस?" तिला समजवायला बराच वेळ गेला. शेवटी म्हणाली, "काढ बाई काढ. पण बोलण्याच्या नादात भाकरी करपली तर ती तू खायची." अशा बऱ्याच खाल्ल्या.

माझे पहिले हात केळीच्या घडासारखे आले. पाच बोटं एका ठिकाणाहून फुटलेली. मैत्रिणीनं बघून विचारलं, "हे हातमोजे आहेत का?" मी पुसले नाहीत. शेजारी दुसरा काढला. तो वाईट होता, पण वेगळ्या कारणानं वाईट होता. असे काढत गेले. अॅपमध्ये दोन बोटं टेकवली की शेवटची रेघ परत जाते, त्याची इतकी सवय होती की बोटं आपोआप उठायची. मी डावा हात मांडीखाली दाबून बसायचे. हळूहळू दिसायला लागलं. अंगठा बोटांच्या ओळीत नसतोच, तो मनगटाजवळून वेगळा निघतो. आई पीठ मळते ते बोटांनी मळत नाही, तळव्याच्या मागच्या जाड भागानं रेटते, आणि तेव्हा बोटं नुसती वर उचललेली असतात. भाकरी थापताना मात्र सगळं काम बोटांच्या पेरांनी होतं. मी हे जन्मभर समोर बघत होते आणि मला ते माहीत नव्हतं.

सणवार गेले, थंडी पडायला लागली. मी हातांनी भरलेलं एक पान ग्रुपवर टाकलं. बदाम फारसे आले नाहीत. एकानं विचारलंही, "नावाडीण कधी?" किटलीनं मात्र माझ्या चित्रावर लाल रेघांनी दुरुस्त्या करून पाठवल्या. मनगट कुठं वळलं पाहिजे, करंगळीची सावली कुठं पडेल, असं सगळं. आणि खाली लिहिलं, "हात आले. पण हे सगळे हात मनगटापाशी तुटलेले आहेत. हाताचं वजन खांद्यावर जातं, खांद्याचं कमरेवर, कमरेचं पायांवर. तुमची बाई बांबू पेलणार आहे ना? मग एखाद्या माणसाला खरोखर जड आणि लांब वस्तू पेलताना बघा."

मी ते वाचून उठलेच. सोलापुरात राहून हे दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं का?

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांत असतो. घराच्या वर जाणारी ती उंच काठी, सजवलेली, एकट्या माणसानं कमरेच्या पट्ट्याच्या आधारानं उभी धरून चालायचं. यात्रेआधी कितीतरी दिवस संध्याकाळी सराव चालतो. लहानपणापासून मी दरवर्षी बघत आले होते. बघत म्हणजे काय, नमस्कार करायचा, भाऊ दिसला की ओरडायचं, आणि गर्दीत शेंगा खायच्या.

त्या संध्याकाळी मी सरावाच्या जागी रस्त्याच्या कडेला टॅब घेऊन उभी राहिले. अण्णानं मला बघितलं आणि विसाव्याला आला तेव्हा म्हणाला, "तू हितं काय करायलीस?"

"तुमचे पाय काढायचेत मला."

"माझे पाय?" तो हसला. "पाया पडायचं सोडून पाय काढायलीस?"

"काढू का?"

"काढ. पण समोर उभी राहू नको. नजर हलली की काठी हलती."

मी बाजूला सरकले आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. अण्णाचे पाय खांद्याहून जास्त फाकलेले. गुडघे थोडेसे वाकलेले, अगदी थोडेसे. पोट पुढं, पाठ मागं. मान वर, कारण डोळे काठीच्या शेंड्यावर. आणि हात, ज्यांच्यासाठी मी एवढे दिवस परातीपुढं बसले होते, ते हात काठीला गच्च आवळून नव्हतेच. धरले होते, पण मोकळे. काठी जराशी उजवीकडं कलली की आधी त्याचं डावं पाऊल जमिनीत रुतायचं, मग कंबर फिरायची, आणि सगळ्यात शेवटी हात.

मी भराभर रेघा मारत राहिले. बाकीची पोरंपोरी फोनवर व्हिडिओ घेत होती, म्हणून माझ्याकडं कुणी विशेष बघितलं नाही. घरी येऊन चित्रं बघितली तर त्यातला प्रत्येक माणूस पुढं कोसळायला आलेला.

रविवारी मी अण्णाच्या मागं लागले. "मला धरून बघायचंय."

"नंदीध्वज?"

"नाही हो. साधा बांबू. मांडवाचा असतोय तसला. मला कळू दे अंगात काय होतंय ते."

तो चपला घालून बाहेर पडला. मग कुठूनतरी मंडपवाल्याचा एक लांबच लांब बांबू घेऊन आला. आमच्या अंगणात उभा केला आणि माझ्या हातात दिला. त्यानं सोडला तसा बांबू जड झाला. म्हणजे तेवढाच होता, पण शेंड्याकडून ओढायला लागला. मी दोन्ही हातांनी घट्ट आवळला आणि खाली बुडख्याकडं बघायला लागले.

"वर बघ की! खाली काय बघतीस? शेंडा कुटं चाललाय ते बघ!"

मी वर बघितलं तोवर शेंडा शेजारच्यांच्या गच्चीकडं निघाला होता. मी ओढला, तो जास्तच गेला. अण्णा धावला, पण बांबू शेजाऱ्यांच्या डिश अँटेनावर जाऊन आदळला आणि अँटेना तोंड फिरवून आभाळाऐवजी आमच्या घराकडं बघायला लागली. शेजारच्या काकू "येनायतु, येनायतु" करत बाहेर आल्या. काय झालं, काय झालं. त्यांची मालिका ऐन रंगात असताना पडदा निळा झाला होता. आई कानडीतून त्यांची समजूत घालत होती, अण्णा गच्चीवर चढून अँटेना फिरवत होता, आणि खालून काकू ओरडत होत्या, "आलं, आलं... गेलं! थोडं अलीकडं!"

मी अंगणात उभी होते. पोटऱ्या थरथरत होत्या, कमरेत कळ आली होती, आणि तळहातांना काहीच झालं नव्हतं. सगळं पायांत आणि कमरेत गेलं होतं. अण्णा खाली उतरला तेव्हा मी म्हणाले, "अजून एकदा."

"वेडी का काय तू?"

"मोकळ्या मैदानात जाऊ. तितं अँटेना नसतीय."

गेलो. खूपदा पाडला बांबू. एकदा मात्र तो मोजता येईल एवढा वेळ उभा राहिला, आणि मला कळलं की तेवढ्या वेळात मी श्वासच घेतला नव्हता.

यात्रा झाली, थंडी ओसरली, तेव्हा मी परत नावाडीण काढायला घेतली. या वेळी पायांपासून. धुकं काढून टाकलं. नावेच्या लाकडावर फाकलेले पाय, पाण्यात टेकलेला बांबू, त्यावर सगळं अंग झोकून रेटणारी बाई. असं अंग काढलं तर त्यावर आधीची बारीक मान बसेना. दिवसभर नाव रेटणाऱ्या बाईचे खांदे रुंद झाले, दंड भरले, मनगटं जाड झाली. तोंडावरही काही गोष्टी आपोआप आल्या. गालाची हाडं, उन्हानं आवळलेले डोळे. आणि तिचा रंग. मालिकेत ती दुधासारखी गोरी आहे. मी तिला सावळी केली, चांगली सावळी, आमच्याकडं उसात नाहीतर रस्त्यावर काम करणाऱ्या बायका असतात तशी. कपडे मालिकेतलेच ठेवले, बांबू ठेवला, तिची ती सरळ बघायची रीत ठेवली.

चित्र टाकलं आणि या वेळी बदामांची रांग लागली नाही. लोक तुटून पडले. "पात्राची वाट लावली." "हिला मालिका कळलीच नाही." एकानं हिंदीत लिहिलं, "ये कामवाली बाई कौन है?" त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. कुणीतरी माझ्या चित्रावर झाडू चिकटवून तेच परत ग्रुपवर टाकलं.

मैत्रीण म्हणाली, "आता तरी ब्लॉक करशील का?"

"झाडूवाल्याला केलं," मी सांगितलं. खरंच केलं होतं. त्याच्याकडून मला शिकण्यासारखं काही नव्हतं, आणि ते ठरवायला मला फार वेळ लागला नाही.

वाट बघत होते ती किटलीची. तिचं उत्तर संध्याकाळी आलं. "उभी राहिली! वजन पायांपर्यंत पोचलं. हात सर्वांत सुंदर." पुढं मात्र असं होतं, "पण फॅन आर्टमध्ये पात्र ओळखू यावं लागतं. फिकट चेहरा आणि नाजूक बांधा ही तिची ओळख आहे. रंग थोडा उजळ करून बघा, मान थोडी बारीक करा. लोकांना ती परत सापडेल."

हे वाचून मला झाडूपेक्षा जास्त लागलं. आजवर किटली म्हणाली ते सगळं मी ऐकलं होतं. तिच्या शब्दाखातर चेहरे बंद केले, करपलेल्या भाकरी खाल्ल्या, शेजाऱ्यांची अँटेना फिरवली. आणि तिचं एकदाही चुकलं नव्हतं. म्हणून मी तिनं सांगितलं तसं करून बघितलं. रंग एका वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या सुट्या थरावर होता, उजळ करायला बोट नुसतं सरकवायचं होतं. सरकवलं. मान बारीक केली. आणि नदीत बांबू रेटणारी ती बाई परत फोटोला उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. हात तेच, पाय तेच, पण आता ते दुसऱ्या कुणाचे तरी होते.

मी रंग परत खाली आणला.

आई शेजारी लसूण सोलत होती. तिला दोन्ही चित्रं दाखवली. तिला मालिका ठाऊक नाही, ग्रुप ठाऊक नाही. गोऱ्या बाईकडं बघून म्हणाली, "छान हाय की." सावळी बघितली तेव्हा हातातला लसूण खाली ठेवला आणि विचारलं, "ही कुठली गं?"

"नदीवरची."

"कुणी नाही का हिला मदतीला?"

मला तेवढं पुरलं. मी किटलीला लिहायला बसले. इंग्रजी जुळवताना तिथल्या तिथं चार वेळा खोडलं. शेवटी लिहिलं ते असं, "तुमचं आजवर सगळं ऐकलं. हे ऐकणार नाही. ही बाई दिवसभर उघड्या नदीवर उन्हात काम करते. मालिका काढणाऱ्यांना ती गोरी दिसली असेल. मला तिचा स्वभाव आवडला आणि तो मी सोडलेला नाही. मी जिथं राहते तिथं असं काम करणारी बाई अशी दिसते. रंग राहणार. मानही राहणार. बाकी जे चुकलं असेल ते सांगा."

पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. आता किटली परत लिहिणार नाही असं मला वाटत होतं. वाईट वाटत होतं, पण लिहिलेलं परत घ्यावं असं काही वाटलं नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. बाई की बुवा हे मला आजही माहीत नाही, किटली म्हणून मी "ती" म्हणते. तिनं लिहिलं होतं, "ठीक. तुमचं चित्र आहे. मग मला एक सांगा, ती उन्हात काम करते म्हणता, तर ऊन कुठं आहे? आभाळ करडं, सावल्या नाहीत, उजेड कुठून येतो कळत नाही. अशा उजेडात सावळा रंग नुसता रंगवल्यासारखा दिसतो, म्हणून तो मला खटकला असेल. तुम्हाला जे म्हणायचं आहे ते मला पत्रात सांगू नका, चित्रात दाखवा."

मी ते ऑफिसमध्ये वाचलं आणि मोठ्यानं हसले. मैत्रिणीला वाटलं मला वेड लागलं. मी सोलापुरात बसलेली, आणि मला कुणीतरी ऊन कुठं आहे म्हणून विचारत होतं! आणि बरोबर विचारत होतं. ते करडं आभाळ मी मालिकेतून जसंच्या तसं उचललं होतं.

मार्च सरला होता. त्या दिवसांत आमच्या कारखान्याच्या गच्चीवर दुपारी कुणी फिरकत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीला वर नेलं आणि फरशी पुसायच्या काठीला धरून उभं केलं.

"आई गं, चटके बसायलेत. लवकर काढ."

"हलू नको. मान वर."

"माझा रंग अजून खाली जाईल."

"तोच पाहिजे मला."

"तुला पाहिजे गं, माझ्या आईला नकोय. पुढच्या आठवड्यात बघायला येणारेत."

सुपरवायझर जिन्यातून डोकावले. "काय चाललंय वर?"

"ऊन बघतोय, सर," मी म्हणाले. त्यांनी कपाळावर हात धरून एकदा वर बघितलं. खाली गेले.

भर दुपारचं ऊन माणसाच्या तोंडावर पडत नाही, डोक्यावर पडतं. कपाळ आणि नाकाचा शेंडा तेवढा पेटल्यासारखा, डोळ्यांच्या खोबणी काळ्या, हनुवटीखाली सावलीची धारदार रेघ. आणि आणखी एक गोष्ट, जी मला नुसती बसून कधीच सुचली नसती. गच्चीवर पांढऱ्या टॉवेलचे गठ्ठे ठेवले होते. त्यांच्यावर आपटलेला उजेड खालून वर येत होता आणि मैत्रिणीच्या गळ्याखाली, जिथं मी नुसता अंधार भरला असता, तिथं सोनेरी तांबूस झाक होती. सावळ्या कातडीवर तो उजेड असा खुलला होता, की मी काढायची थांबून नुसती बघत राहिले.

"झालं का?" मैत्रीण ओरडली.

"झालं. उद्या परत यायचं."

"उद्या तुझी किटली आण उभी करायला."

तरी ती आली. रोज थोडा थोडा वेळ आली, डोक्याला ओढणी गुंडाळून, शिव्या देत.

करडं आभाळ गेलं. त्या जागी डोळे दिपवणारं पांढरट निळं आभाळ आलं, आमच्याकडं उन्हाळ्यात असतं तसं. नावाडिणीच्या कपाळावर ऊन, डोळे सावलीत, आणि गळ्याखाली पाण्यावरून परत आलेला उजेड. रंग मी आधीचाच ठेवला, एक छटाही हलवली नाही. पण आता तो उन्हात रापलेला रंग वाटत होता.

तिसऱ्यांदा टाकलं. ज्यांना राग होता त्यांतल्या पुष्कळांचा राग तसाच राहिला. काही जण ग्रुप सोडून गेले, म्हणे दर्जा घसरला. पण एका बाईनं, ती कुठली ते मला ठाऊक नाही, लिहिलं, "मी ही मालिका तीनदा पाहिली. ही दमत असेल असं माझ्या मनातच आलं नव्हतं." कुणीतरी खाली लिहिलं, "ही आमच्या गल्लीतली वाटते." चेष्टेनं लिहिलं असेल किंवा मनापासून. मी त्याला बदाम दिला.

किटलीनं या वेळी लाल रेघा पाठवल्या नाहीत. लिहिलं, "रंग राहिला ते बरं झालं. माझं चुकलं होतं. ऊन मला इथं बसून लागलं."

आणि त्याखाली, ओळ सोडून, "पाणी मात्र प्लास्टिकच्या कागदासारखं झालं आहे."

मी चित्र मोठं करून बघितलं. झालंच होतं. बांबू पाण्यात शिरतो तिथं पाणी फाटायला हवं, वळायला हवं, बांबूचा आतला भाग वाकडा दिसायला हवा. माझा बांबू निळ्या कागदाला भोक पाडून आत गेल्यासारखा दिसत होता. मी नावेत कधी बसलेलीच नाही. आमच्या शहराला नदी नाही.

मी अण्णाला फोन लावला. "रविवारी मला तळ्यावर नेता का? भर दुपारी."

"आता काय पाण्यात पाडायचंय?"

"काठी घालून बघायचीय. पाणी कसं वळतंय ते."

"उन्हात?"

"उन्हातच."

त्यानं आधी हसून घेतलं. मग म्हणाला, "काठी मीच आणतो. तू आणलीस तर कुणाचं तरी काहीतरी फोडशील."

किटलीला मी एवढंच लिहिलं, की पाणी कसं काढायचं ते आत्ता सांगू नका, आधी मी जाऊन बघून येते.